तीनचं रीडिंग

बॉयलरच्या खोलीत दर तासाला एक कागद भरायचा असतो. प्रेशर किती, पाण्याची पातळी किती, शेवटी सही. नियम असा की तास झाला की माणसाने खुर्चीवरून उठावं, पातळी दाखवणाऱ्या काचेसमोर जावं, बघावं आणि मग लिहावं. हा नियम करणाऱ्याने बॉयलरसमोर बसून आठ तास काढलेले नसणार. रोज तीच काच, तेच आकडे, तीच उष्णता. एका लाँड्रीतले बॉयलरवाले तो कागद आपल्या सोयीने भरायचे. दोनचं रीडिंग घेताना तीनचंही टाकून द्यायचे, अंगात आळस असेल तर चारचंही. आकड्यात थोडा फरक ठेवायचा, पेन बदलायचं, एखाद्या ओळीवर बोटाचा डाग पाडायचा. लबाडी म्हणावी तर लबाडी, पण वर्षानुवर्षं चाललेली आणि कुणाचं वाकडं न झालेली. अशा लबाडीला माणसं हळूहळू पद्धत म्हणायला लागतात.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी ट्रकने यायच्या, धुतल्या जायच्या आणि वाफेवर तापलेल्या रुळांतून कडक इस्त्री होऊन बाहेर पडायच्या. ती वाफ ज्या बॉयलरमधून यायची त्याच्यावर दिवसपाळीला दोन माणसं असत. एकाला सगळे दादा म्हणत आणि दुसऱ्याला भावोजी. भावोजी हा दादाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दादानेच त्याला इथे चिकटवला होता, आणि दादा त्याला भावोजी म्हणायचा म्हणून अख्खी लाँड्री म्हणायची. मॅनेजरही भावोजीच म्हणायचा. तेव्हा मॅनेजरची बहीण नक्की कुणाला दिली आहे, हा विषय जेवणाच्या सुट्टीत बरेच दिवस पुरला.

नऊ महिन्यांपूर्वी एका दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तो बॉयलर फुटला. दादा आत होता. भावोजी कॅन्टीनकडून परत येत होता आणि तीस पावलांवर होता. दादा गेला. भावोजीचा डावा कान अर्धा गेला, पाठीला आणि मानेला टाके पडले, आणि दोन महिन्यांत तो बाहेरून पाहणाऱ्याला धडधाकट दिसायला लागला.

चौकशी झाली. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी एक काचेची नळी असते. तिच्या खालच्या वाटेत गाळ बसला होता, त्यामुळे आतलं पाणी संपत आलं तरी काच अर्धी भरलेलीच दिसत राहिली. पाणी कमी झालं की आग आपोआप बंद करणारं जे उपकरण असतं, ते बिघडलेलं होतं आणि कंपनीने बदललेलं नव्हतं. ठपका कंपनीवर आला. अधिकाऱ्याने कामगारांचा कागद तपासला. तो कागद बाजूच्या केबिनमध्ये होता म्हणून वाचला होता. त्यावर तीनच्या ओळीत ‘काच उघडून तपासली, पाणी अर्धं, ठीक’ असं लिहिलेलं होतं आणि खाली भावोजीची सही होती. तपासली याचा अर्थ खालचा नळ सोडून काच रिकामी केली आणि पाणी पुन्हा चढतं की नाही ते पाहिलं. काच खोटं बोलत असेल तर ते असंच कळतं. अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहत सांगितलं की तुमच्या नोंदी व्यवस्थित आहेत, तुम्ही काळजी करू नका.

ती तीनची ओळ भावोजीने दोन वाजता लिहिली होती.

चारची लिहिली असती तर तेव्हाच पकडला गेला असता. पण तीनपर्यंत लिहून झालं आणि दादाने काहीतरी विचारलं म्हणून पेन खाली राहिलं. हे जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस रोज मेलेल्या दादाच्या बहिणीच्या हातचं जेवत होता. ही गोष्ट तिला सांगितल्यावर ती आपल्या घरात राहील का, हा प्रश्न त्याला सकाळी डोळे उघडायच्या आधी आठवायचा. मानेच्या टाक्यांत तो विचारही शिवून टाकल्यासारखा होता, मान वळवली की दुखायचा.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच की नवरा रात्री पलंगाला टेकून बसल्या बसल्या झोपतो. कुठल्याही खोलीत दारापाशीची जागा धरतो. शेजारच्यांनी पाण्याचा पंप चालू केला की बोलता बोलता थांबतो, आणि पंप बंद होईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम असतो. बाजारात एकदा ट्रकचा ब्रेक सुस्कारला तेव्हा तो पालेभाजीच्या टोपलीत बसला. पालेभाजीवाली आधी ओरडली, मग त्याचं तोंड बघून तिने त्याला उठवून पाणी दिलं. घरात कुकर लावला त्या पहिल्या दिवशी शिट्टी व्हायच्या आतच तो जिन्यात होता. बायकोने कुकर पुसून माळ्यावर टाकला आणि उघड्या पातेल्यात शिजवायला लागली. दुपटीने वेळ जायचा. कुणी विचारलं तर म्हणायची, पातेल्यात शिजवलं की चव वेगळीच येते. ती कपडे दुरुस्त करायचं काम घरी बसून करायची, कुणाची बाही आखूड करायची, कुणाची कंबर सैल करायची, आणि शिवणयंत्र पायाचं असल्यामुळे निदान त्याचा आवाज नवऱ्याला सोसायचा.

नातेवाइकांनी आपापल्या परीने औषध दिलं. त्यांचं औषध म्हणजे म्हणी. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात, एकाने म्हटलं, जसं काही इतकंच समजायचं बाकी होतं. दुसऱ्याने म्हटलं, वाचलास ना, मग देवाचे आभार मान आणि कामाला लाग. तिसरा म्हणाला, डोक्यातून काढून टाक. काढून टाकायला ते डोक्यात असतं तर त्याने कधीच काढलं असतं. ते पाठीत होतं, तळहातात होतं, पोटात होतं, आणि तिथून काही काढता येतं हे त्या शहाण्यांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

कंपनीच्या डॉक्टरने शेवटी त्याला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. कामावर परत घ्यायचं तर त्यांची सही लागणार होती. त्यांची खोली दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खालून मधून मधून दात कोरायच्या यंत्राचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी भावोजीने तो ऐकला आणि खुर्ची दाराकडे ओढली. बाईंनी आपलीही खुर्ची दाराकडे ओढली आणि काहीच झालं नाही असं बोलणं पुढे चालू ठेवलं. बाई बुटक्या होत्या, बाराही महिने स्वेटर घालायच्या, आणि समोरचा बोलत असताना उगाच माना डोलवायच्या नाहीत. भावोजीला त्यांचं हे आवडलं. मान डोलावणाऱ्यांनी त्याला आधीच पुरेसं छळलं होतं.

त्यांनी त्याला समजावलं ते असं. एरवी जे घडतं त्याच्यावर मन तारीख आणि वेळ टाकतं आणि मागे ठेवून देतं. जीवावर बेतलेल्या प्रसंगात ते काम अर्धवट राहतं. मग तो प्रसंग मागे जातच नाही. शरीराला वाटत राहतं की अजून तीन वाजून वीसच मिनिटं झाली आहेत, आणि ते बिचारं इमानाने पळायची तयारी करत राहतं. ते बिघडलेलं नाही, ते फक्त चुकीच्या वेळी कामावर हजर आहे. भावोजीने विचारलं की मग विसरायचं कसं. बाई म्हणाल्या, विसरायला मी शिकवत नाही. आठवायला शिकायचंय, क्रमाने, सुरुवातीपासून, थांबत थांबत, आणि आठवताना इथे या खुर्चीत बसून राहायचं.

तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या दिवसाचं सांगा म्हटलं की भावोजी सांगायचा, दोन वाजता रीडिंग घेतलं, मग तीन वीसला फुटला. मधलं? मधलं काही आठवत नाही. बाईंनी तीन-चार वेळा वेगवेगळ्या वाटेने विचारून पाहिलं. तो दर वेळी दोनवरून तीन वीसवर उडी मारायचा, मध्ये खड्डा असल्यासारखी. त्यांनी जोर केला नाही.

त्याऐवजी त्यांनी त्याला एक छापील तक्ता दिला. दिवसातून चार वेळा, भीती शून्य ते दहामध्ये किती आहे ते लिहायचं, आणि शेजारी त्या वेळी काय चाललं होतं ते दोन शब्दांत. तक्ता बघून भावोजीला नऊ महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटलं. रकाने, वेळा, आकडे. हे काम त्याला येत होतं. त्याने तो कपाटाच्या दाराला चिकटवला, दोऱ्याने पेन बांधलं, आणि पहिला आठवडा अगदी नियमाने भरला. आठ, नऊ, आठ, सात. जिना. पंप. काही नाही. स्वप्न.

पुढच्या सोमवारी सकाळी तो तक्त्यासमोर उभा राहिला, सकाळचा आकडा लिहिला, आणि हात थांबला नाही. त्याने दुपारचा टाकला, संध्याकाळचा टाकला, रात्रीचा टाकला. मग मंगळवार. मग पुढचे. विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. वीस वर्षांची सवय, रकाने रिकामे दिसले की हात चालू होतो. आकडे उतरते ठेवले, कारण बाईंना उतरते हवे असणार आणि सहीही हवी होती. सात, सहा, सहा, पाच. बुधवारी एक सात टाकला, सगळंच गुळगुळीत दिसू नये म्हणून. निळ्या पेनामध्ये दोन ओळी काळ्या पेनाने लिहिल्या. शनिवारच्या रकान्यावर अंगठ्याने थोडा डाग पाडला. पुरं झाल्यावर मागे सरून त्याने पाहिलं, आणि आपण काय केलंय ते त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला फक्त बरं वाटलं, एक काम हातावेगळं झालं म्हणून.

बायको रोज तो तक्ता बघायची. वाचते आहे असं दाखवायची नाही, कपाट उघडता उघडता नजर टाकायची. त्या वेळेची जी ओळ असेल तेवढीच बघायची, कारण लिहिलेलं असेल ते तेवढंच असणार असं तिने धरलं होतं. सोमवारी सात होते. बुधवारी सहा. गुरुवारी संध्याकाळच्या रकान्यात तिला तीन दिसला. तीन! ती कपाटासमोर उभी राहिली, हातात दुसऱ्या कुणाची तरी पँट, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ महिने तिने भाऊ गेल्याचं रडणं पुढे ढकललं होतं, कारण घरात एक माणूस आधीच अर्धा पडलेला होता आणि दोघांनी एकदम पडून चालणार नव्हतं. आता एक जण उठत होता.

तिने स्टुलावर चढून माळ्यावरून कुकर काढला. धुतला, शिट्टी नीट बसते का पाहिलं, बटाटे घातले आणि गॅसवर ठेवला. नवरा पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसला होता. त्याला आधी सांगावं असं तिच्या मनात आलं, पण बाईंनी म्हणे सांगितलं होतं की सगळं नेहमीसारखं करत जा.

शिट्टी झाली तेव्हा भावोजी कसा आणि कुठून गेला हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. तो अनवाणी रस्त्यावर सापडला, दोन इमारती सोडून, एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून. वाटेत त्याने बायकोला ढकललं होतं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीवर पडली आणि तिचं मनगट दुखावलं. फार नाही, सूज आली. घरी आल्यावर तो तिच्या हाताकडे बघत राहिला. बटाटे कुणी खाल्ले नाहीत.

तिने ओला फडका मनगटाला गुंडाळला आणि कपाटापाशी गेली. आज संध्याकाळ, तीन. तिने बोट खाली सरकवलं. गुरुवार रात्र, तीन. शुक्रवार सकाळ, तीन, शेजारी ‘काही नाही’. शुक्रवार दुपार, दोन. शनिवार. रविवार.

“शुक्रवारचा आकडा गुरुवारी कसा लिहिलात?” तिने विचारलं.

 चौकशीच्या अधिकाऱ्याला जे दिसलं नव्हतं ते तिला बोट ठेवताच दिसलं होतं. या वेळी भावोजी रविवारपर्यंत गेला होता.

“मी यावर विश्वास ठेवला,” ती म्हणाली. “हा कागद बघून मी कुकर लावला.” एवढं बोलून ती कणीक तिंबल्यासारखी आपलंच मनगट दाबत बसली. आणि भावोजीला आपण दोनदा तीच गोष्ट केली आहे हे त्या क्षणी कळलं. त्याला ओरडावंसं वाटलं, पण तो ओरडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सगळं सांगितलं. तक्त्याचं आधी, मग तीनच्या ओळीचं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता आणि बाई आता काय म्हणतील याची त्याने मनात यादी करून ठेवली होती. तुमची चूक नाही असं त्या म्हणाल्या तर उठून जायचं, हे त्याने ठरवलं होतं. बाईंनी ते म्हटलं नाही. त्यांनी विचारलं की तीन वाजता खरंच काच उघडून पाहिली असती तर काय झालं असतं. हा प्रश्न त्याला नऊ महिन्यांत कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर मात्र पाठ होतं. पाणी परत चढलं नसतं. कळलं असतं. आग बंद केली असती, पंप बंद केला असता, दोघं बाहेर गेलो असतो. वाचलो असतो. बाईंनी मग विचारलं की ते उपकरण चालू असतं तर? तरी वाचलो असतो. आणि कंपनीने गाळ वेळेवर काढला असता तर? तरी. बाई म्हणाल्या, म्हणजे तीन जागा होत्या आणि त्यातली एक तुमची. ती नाही असं मी सांगणार नाही. पण बाकीच्या दोनही तुम्ही आपल्याच अंगावर घेऊन बसला आहात, आणि ते ओझं पेलवत नाही म्हणून एकीचंही नाव काढत नाही.

आगाऊ भरायची ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली, असंही त्यांनी विचारलं. त्याला दादाच्या हाताची बोटं आठवली, पहिल्या महिन्यात शेजारी बसून पेन बदलून दाखवणारी. तो म्हणाला, तिथे सगळेच करायचे. मेलेल्या माणसावर ढकलायचं नाही, एवढं त्याचं ठरलेलं होतं.

निघताना त्याने विचारलं की बायकोला सांगू का. बाईंनी स्वेटरची बाही खाली ओढली आणि म्हणाल्या, सांगितल्यावर काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

रविवारी दुपारी बायको एका कोटाची जुनी शिवण उसवत बसली होती. तो समोर बसला आणि सांगितलं. चार वाक्यांत झालं. नऊ महिने जे त्याला डोंगराएवढं वाटत होतं ते चार वाक्यांत मावलं, याचाच त्याला धक्का बसला. तिने उसवायचं पातं खाली ठेवलं. कोटाची घडी घातली. मग उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. आत येऊन तिने पिशवीत दोन कपडे टाकले आणि वहिनीकडे, म्हणजे दादाच्या बायकोकडे, निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवस ती आली नाही. त्या चार दिवसांत भावोजीने नवा तक्ता लावला आणि खरा भरला. नऊ. नऊ. दहा. नऊ. शेजारी लिहायला एकच शब्द होता, तो त्याने सोळा वेळा लिहिला, आणि तो तिचं नाव होता. पंप चालू झाला की तो दाराकडे जायचा आणि परत यायचा. एकदा त्याला वाटलं की ती परत आली नाही तर निदान खोटं बोलायचं काम संपेल, आणि हा विचार त्याला इतका घाणेरडा वाटला की त्याने तोंड धुतलं.

पाचव्या दिवशी सकाळी ती आली. चपला काढल्या, पिशवी ठेवली, पाणी प्यायली. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. त्याने ओळखलं की ही परत आलीय असं धरून चालायचं नाही, ही काहीतरी घ्यायला आलीय.

“वहिनीला मी सांगितलं,” ती म्हणाली. “ती काही बोलली नाही. तिचं तुम्ही तिच्याकडे जाऊन ऐका. मी तिच्या वतीने बोलायला आले नाही.”

तो म्हणाला, जातो.

“मला तुमचा राग आलाय. तो जाईल की राहील, मला माहीत नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे, तिचा राग जास्त आहे. दादा शेवटी काय करत होता, हे मी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, अचानक झालं, त्याला कळलंही नसेल. दोन ते तीन वीस, माझा भाऊ तिथे बसला होता, जिवंत. हे बघणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या घरात राहतो. माझ्या भावाची शेवटची ऐंशी मिनिटं तुम्ही एकट्याने ठेवून घेतलीत. मला ती द्या.”

भावोजी म्हणाला की मला आठवत नाही. ती म्हणाली, मी बसते.

आणि ती बसली. बऱ्याच वेळाने त्याने सुरुवात केली. दोन वाजता रीडिंग घेतलं. तीनचंही लिहिलं. तेव्हा दादाने विचारलं, भावोजी, मला हे वाचता येतं का बघा. त्याने नवा चष्मा केला होता. पेपरात बारीक अक्षरांत ज्या लग्नाच्या जाहिराती येतात त्या तो मोठ्याने वाचून दाखवत होता, आणि प्रत्येक मुलासाठी लाँड्रीतल्या एकेका बाईचं नाव सुचवत होता. बायकोने विचारलं, कसली फ्रेम होती. काळी, जाड. ती म्हणाली, मी पाहिलीच नाही. मग? मग त्याने संत्रं सोललं. अर्धं दिलं. साल बॉयलरच्या पाइपवर ठेवली, वास सुटतो म्हणून. मग पावणेतीनच्या सुमाराला त्याचा डोळा लागला, खुर्चीतच.

“घोरत होता?”

“हो. तोंड उघडं टाकून.”

तिने मान हलवली, महत्त्वाची वस्तू हातात आल्यासारखी. मग?

मग तीन वाजले. इथे भावोजीचे हात कापायला लागले, आणि आपले हात कापताहेत हे त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, कापू देत. त्याने सांगितलं की मी घड्याळ पाहिलं. खुर्चीतून काचेकडे पाहिलं. पाणी अर्धं दिसलं. दादा घोरत होता, उठलो तर जागा होईल असं मनात आलं, आणि तीनचं लिहून झालेलंच होतं. मी उठलो नाही. हे वाक्य त्याने एकदा म्हटलं आणि तिने त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं नाही. बाहेर शेजाऱ्यांचा पंप सुरू झाला होता. तो त्याला ऐकू येत होता. तो खुर्चीतच होता.

तीन दहाला दादा जागा झाला, भावोजी सांगत राहिला. त्याला चहा हवा होता. चहा आणायची पाळी त्याचीच होती, पण म्हणाला, भावोजी, आज तुम्ही जा, माझ्या गुडघ्याने दगा दिलाय.

“कुठल्या?” तिने विचारलं.

“उजव्या.”

“नक्की उजव्या?”

“उजव्याच. चोळून दाखवला.”

“लहानपणी डावा दुखायचा,” ती म्हणाली. “दळण आणायला सांगितलं की डावा गुडघा. आई शेकून द्यायची आणि दळण मी आणायची.” आणि ती हसली. नऊ महिन्यांत त्याने तिचं हसणं ऐकलं नव्हतं, आणि आताही ते नीट ऐकायच्या आत फुटलं आणि ती रडायला लागली. पदर न लावता, तोंड न झाकता, खुर्चीचे दोन्ही हात धरून ती भावासाठी रडली. भावोजीने तिला हात लावला नाही. लावायचा हक्क आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. पण तो दाराकडे गेला नाही, खिडकीकडे गेला नाही, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत समोर बसून राहिला.

पंप कधी बंद झाला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“मग?” तिने विचारलं.

“मग मी दोघांचा चहा आणायला गेलो,” तो म्हणाला, आणि पुढचं सांगायला लागला.